कातडी फुटली नव्हती

सदा, तुझी समुद्रफुलं अजून जिवंत आहेत. चारपैकी तीन बरण्यांतली. काल तुझ्या कॉलेजात जाऊन बघून आलो. प्रयोगशाळेचा शिपाई रोज पाण्यात हवा मिसळावी म्हणून पेल्यानं पाणी वरून ओततो, तू शिकवलं होतंस तसं, आणि पाणी आटून खडूच्या रेघेखाली गेलं की तेवढं गोडं पाणी घालतो. मला म्हणाला, "सर गेल्यालं त्यास्नी कुनी सांगिटलं न्हाई." मी त्याच्यावर खेकसणार होतो. मग दिसलं की त्याचे डोळे भरलेत.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. एका साप्ताहिकानं तुझ्यावर लिहायला सांगितलंय. होतकरू, मनमिळाऊ, समाजाचं भूषण असं काहीतरी त्यांना हवंय. ते मी लिहिणार नाही. तू मनमिळाऊ नव्हतास. तू हातात वस्तरा घेऊन तासन्‌तास खुर्चीवर बसणारा, हट्टी, कमी बोलणारा माणूस होतास, आणि तुला ठार मारलं गेलं. सरकारी कागदावर अजून तसं नाही. तिथं तू मूत्रपिंडाच्या आजारानं गेलास.

मी पहिल्यांदा सांगलीला तुझ्याकडं आलो तेव्हा तू एका समुद्रफुलाचं तोंड कापत होतास. नावालाच फूल. करंगळीएवढं मांसाचं नळकांडं, वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे धागे. डोळे नाहीत, हाड नाही, मेंदू नाही. तू त्याचा वरचा भाग एका झटक्यात उडवलास. खाली राहिलेलं नळकांडं मुठीसारखं आवळलं. मी बोलून गेलो, "आपल्या बापांनी गावात सुरी टाकली. तू हितं येऊन परत हातात घेतलीस?"

तुला ठाऊक होतं मी कशाबद्दल बोलतोय. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर आपल्या आळीनं गावाची मेलेली ढोरं ओढायचं, फाडायचं बंद केलं, त्याला आता बारा वर्षं होत आली. माझी सगळी अक्षरओळख त्याआधीपासूनच्या आपल्या चळवळीच्या पत्रकांवर झाली. वडिलांना वाचता येत नव्हतं म्हणून ते येईल ते पत्रक घराच्या भिंतीला चिकटवत, आणि मी भिंत वाचत मोठा झालो. तू मला नावच पाडलं होतंस, पत्रक्या.

वस्तरा पुसत तू म्हणालास, "आपलं बाप मेल्यालं कापत हुतं. मी जित्तं कापतोय. फरक हाय."

"काय फरक?"

"मेल्यालं भरून येत न्हाई."

आणि मग तू मला चार बरण्या दाखवल्यास. पहिलीतली वस्तऱ्यानं कापलेली. ती आठवड्याभरात नवं तोंड, नवे धागे घेऊन उभी राहत. दुसरीतली तापलेल्या सुईनं डागलेली. त्यांचा जळलेला भाग आधी काळा पडून गळायचा, मग हळूहळू खालून नवं मांस यायचं. तिसरीतली चिमट्यानं ओढून फाडलेली. ती भरत, पण वेडीवाकडी. एकाला तर दोन तोंडं आली होती. तू हसून म्हणालास, "ह्यो तुझ्यासारखा. एक तोंड खायाला, एक भाषनाला." चौथी बरणी मात्र तू उजेडात आणली नाहीस. तिच्यातली तू दोन काचांच्या मध्ये धरून नुसती दाबली होतीस. वरून ती धडधाकट दिसत. एक चीर नाही, एक भोक नाही. पहिल्या दिवशी धागेसुद्धा पसरत. तिसऱ्या दिवशी आतून कुजायला लागत आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सगळ्या बरणीचं पाणी नासवून मरत.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि दोन वर्षं संपलं नाही. मी म्हणायचो, मार तो मार, जखम ती जखम. साधी दुखापत आणि गंभीर दुखापत असे ढीग लावणं हा सरकारचा धंदा आहे, आणि तू त्यांचीच भाषा बोलतोस. तू म्हणायचास, जखम कशानं झाली हे न बघता ती भरेल का नाही हे कसं सांगणार? मी म्हणायचो, आम्हांला ती भरायची नाही, लोकांना दाखवायची आहे. तू उत्तर न देता वहीत काहीतरी लिहायचास. त्या गप्प बसण्याचा मला फार राग यायचा.

एकदाच तुझ्याबरोबर रत्नागिरीला आलो. परतताना समुद्राच्या पाण्यानं भरलेला काचेचा बुधला तू ओल्या धोतरात गुंडाळून मांडीवर घेतला होतास. आंबा घाटात गाडी वळली की तू लेकुरवाळ्या बाईसारखा त्याला छातीशी धरायचास. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?"

"समुद्र," तू म्हणालास.

"मग त्याचं अर्धं तिकीट काढा. मांडीवर बसलाय न्हवं."

सगळी गाडी हसली. मीही. सदा, अशी तुझ्याबरोबर मी किती वेळा हसलो हे मोजायला गेलो तर दोन्ही हातांची बोटं पुरतात. बाकी सगळा वेळ मी तुला सुधारत होतो.

आता त्या दिवसाचं लिहितो. चैत्रात तू सुट्टीला गावी आलास, मीही आलो. पाटलाचा बैल चावडीपुढं मरून पडला होता. दोन दिवस ऊन खात फुगला. आपल्या आळीत निरोप आला, न्या. कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटलाचा पुतण्या पंधरा-वीस जणांना घेऊन आला. भूकंपानं भेगाळलेल्या तुमच्या भिंतीशी तू दाढी करत बसला होतास. त्यानं आरसा लाथेनं उडवला.

"कालेजात जनावरं फाडून पगार घेतोस. आन गावाचं ढोर फाडायला लाज वाटती व्हय रं?"

तू तोंडावरचा साबण पुसलास. तुझा आवाज वर्गात असतो तसाच होता. "फाडत न्हाई. भरून येतंय का बघतो."

"मग चल की. तुजं भरून येतंय का बगू."

तुला खळ्यावर नेलं. मला दोघांनी हात पिरगाळून बाभळीला दाबून धरलं. मी सगळं बघितलं. गुरांच्या हाळात पोती भिजवताना बघितली आणि मला वाटलं, बैलाचा वास दबावा म्हणून भिजवतायत. सदा, मी इतका मूर्ख होतो. ती पोती तुझ्यावर टाकली. तुला पालथं पाडून मांड्यांवर, पोटऱ्यांवर, कुल्ल्यांवर दुहेरी करून टाकली आणि वरून वेळूच्या काठ्यांनी, मग जुवाच्या शिवळांनी, मग मुसळानं बडवलं. दमलेला बाजूला होई, ताजा पुढं येई. मध्ये पाण्याचा तांब्या फिरला. खळ्यालगतच्या पाराच्या कडेला बसलेला एक म्हातारा सांगत होता, "पोतं वल्लं ठेवा रं. कातडं फुटलं की केस हुती." कुणी हुरडा भाजताना आर विझू देऊ नका असं सांगावं, तितक्या साध्या आवाजात. ही त्या गावाची विद्या होती. आज्यानं नातवाला शिकवलेली. कायदा रक्त बघतो, म्हणून रक्त काढायचं नाही.

तू आधी दात आवळून होतास. मग ओरडलास. मग आईला हाक मारलीस. मग तुझा आवाज माणसाचा राहिला नाही. मला त्या सगळ्यांचे गळे दातांनी फोडायचे होते. आजही फोडायचे आहेत. हे मी साप्ताहिकाच्या वाचकांसाठी सौम्य करणार नाही. अहिंसेवर मी सहा पत्रकं लिहिली आहेत आणि त्या बाभळीखाली त्यातलं एकही अक्षर मला आठवलं नाही.

त्यांनी सोडलं तेव्हा तू उठलास. पडलास, पुन्हा उठलास. मी तुझा लेंगा वर सारून पाय बघितले. लाल-निळे पट्टे होते, सूज होती, रक्ताचा थेंब नव्हता. आणि सदा, त्या क्षणी मला आनंद झाला. गर्व वाटला. तुला चालवत फाट्यापर्यंत नेलं, तासगावची गाडी धरली, आणि गाडीतच गुडघ्यावर कागद ठेवून मी पत्रक लिहायला घेतलं. वाटेत एका दवाखान्यात तुला दाखवलं. डॉक्टरनं दोन बोटांनी चाचपून चिठ्ठी लिहिली: मुका मार, साधी दुखापत. तू त्याला म्हणालास, "डॉक्टर, आतलं मांस ठेचलंय. पाय बधिर वाटतायत." त्यानं शेकायला सांगितलं. तुला मोठ्या दवाखान्यात न्यायचं सोडून मी तुला छापखान्यात नेलं. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याशेजारी बाकावर तू बसला होतास, आणि मी मजकूर सांगत होतो.

तो मजकूर मला पाठ आहे. "वीसजणांनी मारले, पण आमच्या वाघाच्या अंगावर ओरखडाही उठवू शकले नाहीत! त्याने हूं की चूं केले नाही!"

दुसऱ्या दिवशी तासगावच्या बाजारात सभा. तुला मी तासभर उभं केलं. पत्रकातला वाघ लोकांना बघायचा होता. मी बोलत असताना तू मागून माझा सदरा ओढलास आणि हळूच म्हणालास, "मला बसू दे, गड्या. पाय दगड झालेत."

मी मागं न बघता म्हणालो, "आज बसायचं न्हाई. लोक बघत्यात."

तू उभा राहिलास.

हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून दुपार झाली.

तिसऱ्या दिवशी तुला लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी. मग होईनाशीच झाली. मांड्या इतक्या ताठ सुजल्या की लेंगा फाडून काढावा लागला. तेव्हा कुठं सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी जीव तोडून केलं, पण उशीर झाला होता. तू मला वही आणायला सांगितलीस, बरण्यांची. म्हणालास, "चौथी बरनी आठवती का? लिव. मी सांगतो."

मी लिहायला लागलो, "नराधमांच्या अमानुष..." तू डोळे मिटूनच म्हणालास, "इशेषनं काढ. काय झालं तेवढं लिव. कशानं मारलं, कुठं मारलं, किती येळ, मग कुठल्या दिवशी काय दिसलं."

तसं लिहिलं. ओली पोती, दुहेरी. वेळू, शिवळ, मुसळ. मांड्या, पोटऱ्या, कुल्ले. वेळ अंदाजे अर्धा तास. कातडी फुटली नाही. पहिला दिवस: चालता येतं, बधिरपणा. दुसरा दिवस: पाय जड, उभं राहवत नाही. तिथं मी थांबलो आणि तुझ्याकडं बघितलं. तू म्हणालास, "लिव की. उभा ऱ्हायलो त्येबी लिव. सभा, एक तास." त्यात चीड नव्हती. बरणीतल्या प्राण्याबद्दल सांगावं तसं सांगितलंस. तिसरा दिवस: लघवी तपकिरी. चौथा: लघवी बंद, उलट्या. पाचव्या दिवसाचं तू अर्धवट सांगितलंस आणि भ्रमात मला समुद्राचं पाणी बदलायला सांगत राहिलास. सहाव्या दिवसाचं मी एकट्यानं लिहिलं. एकच ओळ आहे.

मला तुझ्यावरही राग आहे. तुला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. दाबलेल्या मांसाचं काय होतं हे साऱ्या जिल्ह्यात तुझ्याइतकं कुणी निरखलं नव्हतं. मग छापखान्यातल्या बाकावरून उठून तू ओरडला का नाहीस, की फेक तो कागद आणि मला सांगलीला ने? माझा हिरमोड होऊ नये म्हणून? की तुलाही क्षणभर वाघ व्हावंसं वाटलं? हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तू वहीत बघितलं असतंस.

आता पुढचं ऐक. तू गेल्यावर आम्ही खुनाची फिर्याद द्यायला गेलो. फौजदारानं टेबलाच्या खणातून माझं पत्रक काढलं. पाटलाच्या माणसांनी आधीच नेऊन दिलं होतं. त्यानं मोठ्यानं वाचलं, ओरखडाही उठवू शकले नाहीत. मग म्हणाला, "तुमचाच कागद सांगतोय. दुसऱ्या दिवशी बाजारात तासभर उभा होता म्हणून शेपन्नास माणसं सांगतायत. डॉक्टरची चिठ्ठी साध्या दुखापतीची. मग मेला तो आजारानंच की."

तुझी आई खाली जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, "माज्या लेकाला बिमारी हुती म्हनता. कवापासनं? म्या जल्म दिला, मला न्हाई ठावं."

त्यानं पत्रकाची घडी घातली. मग म्हणाला, दुसरं काही असेल लिहिलेलं तर आणा.

दुसरं म्हणजे तुझी वही. पण वही पुढं करायची तर पहिल्या दिवशी पाय बधिर होते, दुसऱ्या दिवशी उभं राहवत नव्हतं, हे माझ्याच अक्षरात आहे. दोन्ही कागद माझे, आणि दोन्ही खरे असू शकत नाहीत. मी चळवळीतल्या आबांकडं गेलो. आबांना तू मानायचास. त्यांचीच पत्रकं आमच्या भिंतीवर होती. त्यांनी वही पानापानानं वाचली, मिटली आणि माझ्या हातात दिली.

"ही वही जपून ठेव. पन ठान्यात दिऊ नगं."

"का आबा?"

"आरं, पत्रक म्हंजे लढाई. लढाईत कुनी म्हनतं का, आमचा मानूस पडला, आमचा मानूस आईला हाका मारत हुता? तू हे पत्रक खोटं म्हनलास, की उद्या आपलं समदं खोटं. पान्याचं, जमिनीचं, समदं. ते हसत्याल. आन तुजं नाव आपल्याच मानसांत निगंल, की ह्येनं सदाला उभा करून मारला."

"ते खरं हाय, आबा."

"खरं हाय म्हनून तर सांगतोय," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. आबांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मी त्यांच्या पाया पडलो नाही. पाया पडणं आपण सोडलंय, तेही त्यांनीच शिकवलं.

रस्त्यावर आलो आणि मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं की तो पारावरचा म्हातारा आणि मी एकाच बाजूनं बोललो होतो. तो म्हणाला, कातडं फुटू देऊ नका. मी छापलं, कातडं फुटलं नाही. त्यानं हे पुढच्या खटल्यासाठी केलं, मी पुढच्या सभेसाठी. त्यांनी पोती भिजवली, आणि तुझ्या जखमेवरची त्यांची शेवटची फेरी मी माझ्या खिळ्यांनी मारली. आपल्या लोकांचं धैर्य दाखवायचं म्हणून आपण आपली वेदना खोडत आलो. मार खाऊन उभा राहणारा आपल्याला लागतो. बसू दे म्हणणारा चालत नाही. हा माझ्या एकट्याचा गुन्हा नाही, पण तुझ्यापुरता तो माझाच आहे.

काल बरण्या बघून मी सरळ ठाण्यात गेलो. बरोबर फक्त तुझी आई होती. मी वही टेबलावर ठेवली आणि जबाब लिहून घ्या म्हणालो.

फौजदारानं वही चाळली. आधीची, बरण्यांची पानं त्याला कळली नाहीत, शेवटची कळली. दोनदा वाचली. मग माझ्याकडं बघत म्हणाला, "हे खरं धरायचं तर पत्रक खोटं."

"खोटं."

"कुणी लिहिलं?"

पत्रकावर माझं नाव नव्हतं. कधीच नसतं. खाली 'एक कार्यकर्ता' एवढंच असतं. सांगितलं नसतं तर त्याला कळलं नसतं.

"मी. तो ओरडत हुता. आईला हाका मारत हुता. मी तिथंच हुतो. मी खोटं छापलं. दुसऱ्या दिवशी त्यो बसू दे म्हनला, मी बसू दिलं न्हाई."

पत्रक मी लिहिलं, तू बसू दे म्हणालास, हे तुझ्या आईला माहीत नव्हतं. मी मुद्दाम तिच्यासमोर बोललो, कारण तिच्यामागं बोलायचं धैर्य मला पुढच्या जन्मातही झालं नसतं, आणि पुढचा जन्म आपण मानत नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. मारेल असं वाटलं, मारावं असंही वाटलं. मग ती फौजदाराला म्हणाली, "ह्यो म्हनतोय तसंच लिवा. न्हाईतर माजं पोर बिमारीनं मेलं म्हनून ऱ्हाईल." ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. गाडीतही नाही. आजही नाही.

फौजदारानं जबाब लिहिला. ह्यावरून खुनाचं कलम लागेल का, असं मी विचारलं. म्हणाला, वर पाठवतो, वही डॉक्टरांना दाखवतील, मग बघू. पाटलाचा वकील मला उभा फाडेल हेही त्यानं सांगितलं. एकदा खोटं छापणारा दुसऱ्यांदा खरं कशावरून, असं विचारतील. मी म्हणालो, विचारू देत. मग त्यानं जबाब माझ्याकडं सरकवला आणि सही कर म्हणाला. माझ्या कुठल्याही लिखाणाखाली आजवर माझं नाव पडलं नव्हतं. मी टाक घेतला. पहिलं अक्षर काढताना तो इतका दाबला की कागद फाटला आणि ते शेजारी पुन्हा लिहावं लागलं.

"काय रे," फौजदार म्हणाला, "घाबरलास?"

मी न्हाई म्हणालो.

सदा, घाबरलो होतो.